लेकीला नेपाळमधल्या बालगृहात स्वयंसेवक म्हणून पाठवावं का?

मृण्मयी_एनजे

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्र होते, आज पहिलाच धागा काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

लेक १७ वर्षांची आहे. जुलैत तीन आठवडे काठमांडूजवळच्या एका बालगृहात स्वयंसेवक म्हणून जायचं तिच्या डोक्यात आहे. सोबत तिची मैत्रीण आहे. इथल्याच, अमेरिकेतल्या एका कंपनीमार्फत जायचं, राहणं-जेवण धरून १,९०० डॉलर, विमानाचं वेगळं. सकाळी मुलांना इंग्रजी शिकवायचं, दुपारी खेळ, चित्रकला, शनिवारी भटकंती. ३०० डॉलर भरूनही झालेत. नवरा म्हणतो, जाऊ दे, जग कळेल. मलाही कौतुकच आहे, पण पोटात गोळा येतोच ना.

नेपाळला राहिलेलं कोणी असेल तर सांगा: पावसाळ्यात तिकडे कितपत हाल होतात, कोणत्या लसी घ्यायच्या, मुलांसाठी भेट काय न्यावी? ती खेळणी आणि चॉकलेटं गोळा करतेय, एक अख्खी बॅग झाली आहे.

चकली

आम्ही दोन वर्षं होतो काठमांडूत, यांच्या बदलीमुळे. टायफॉइड आणि हिपॅटायटिस एची लस नक्की घ्या. पाणी उकळलेलंच प्यायचं. मोमो वाफाळते असतील तरच, आणि सोबतच्या कच्च्या कोशिंबिरीला हात लावायचा नाही. जुलै म्हणजे धो धो. पोखऱ्याच्या रस्त्यावर दरडी पडतात, त्यामुळे शनिवारची भटकंती खोऱ्यातच ठेवा. डोंगरात गेली तर जळवा लागतील, घाबरून ओढून काढायच्या नाहीत, मीठ लावायचं.

भेटींचं काय, माहीत नाही. आम्ही कधी बालगृहात गेलो नव्हतो.

खडूस_काका

कॉलेजच्या अर्जातल्या निबंधाची पहिली ओळ मी आत्ताच लिहून देतो. ‘त्या मुलांच्या डोळ्यांनी मला आयुष्य शिकवलं.’ १,९०० डॉलर वाचतील. :)

सानिका_एस

काका, थोडं सबुरीने. तिने प्रामाणिकपणे विचारलंय.

मृण्मयी, मी हे केलंय, म्हणूनच लिहितेय. एप्रिल २०१२, सिंगापूरच्या नोकरीतून दोन आठवड्यांची रजा काढून कंबोडियात, सिएम रीपला. अंगकोर वाट बघायचंच होतं, म्हटलं जोडीला काहीतरी चांगलं काम करू.

पहिल्या दिवशी फाटकातून आत पाऊल टाकलं तर पाच-सहा मुलं धावत येऊन बिलगली. पाचेक वर्षांची एक पोर तर सरळ कडेवर चढली. मी विरघळले. फोटो काढले, फेसबुकवर टाकले, लोकांनी ‘केवढं मोठं मन’ वगैरे लिहिलं. तिसऱ्या दिवशी त्या पोरीने मला ‘एमा’ अशी हाक मारली. एमा माझ्या आधीची, मी यायच्या आदल्या आठवड्यात गेलेली. वाटलं, चुकली असेल. मग लक्षात आलं की ती आमच्यापैकी सगळ्याच बायकांना एमा म्हणायची.

शिकवलं काय? मला तिथली ख्मेर भाषा येत नाही, मुलांना मराठी-इंग्रजी येत नाही. मग रंग, प्राणी, शरीराचे अवयव. मी ‘नोज’ म्हणायच्या आत पंचवीस बोटं पंचवीस नाकांवर. माझ्या आधी दहाजणांनी तेच शिकवलेलं होतं आणि अकराव्या बाईचा उत्साह मोडू नये एवढं शहाणपण त्या पोरांना होतं. संध्याकाळी पर्यटकांपुढे अप्सरा नृत्य, नाच संपला की दानपेटी फिरायची. सकाळी शाळेत त्यातली निम्मी पेंगत असणार.

माझ्या शेवटच्या दोन दिवसांत ख्मेर नववर्ष आलं. तेही एप्रिलच्या मध्यात असतं, आपल्या बैसाखीच्या सुमारास. सकाळी फाटकाशी एक बाई मोटारसायकलच्या मागच्या सीटवरून उतरली, हातात केळ्यांचा घड. माझ्या कडेवरची पोर ‘माक!’ म्हणत अशी सुटली की मला तोल सावरावा लागला. माक म्हणजे आई. दुपारपर्यंत पंचवीसातली सतरा मुलं सणाला आपापल्या घरी गेली होती.

आणि मी म्हणे अनाथाश्रमात काम करत होते.

नंतर वाचत गेले तसं उलगडलं. २०११ मध्ये कंबोडिया सरकार आणि युनिसेफने मिळून पाहणी केली होती. संस्थांमधल्या दर चारांतल्या तीन मुलांचे आई किंवा वडील जिवंत होते. २००५ मध्ये १५४ संस्था होत्या, २०१० मध्ये २६९ झाल्या. आता हिशोब करा. ख्मेर रूज राजवटीचा नरसंहार १९७५ ते ७९. तेव्हाची अनाथ मुलं २००५ पर्यंत स्वतः आईबाप झाली होती. या पाच वर्षांत तसं मोठं युद्ध काही झालं नाही. वाढले ते अंगकोरला येणारे पर्यटक. २०१५ च्या मोजणीत तर ४०६ संस्था आणि १६,५७९ मुलं निघाली.

ती केळीवाली आई दुष्ट होती का? अजिबात नाही. तिला कोणीतरी येऊन सांगितलं असणार की शहरात जेवण मिळेल, शाळा मिळेल, गोरी माणसं फुकट इंग्रजी शिकवतात. त्या गोऱ्या माणसांत मी होते.

उदय_ठाणे

अनुभव वाचून वाईट वाटलं, पण सगळ्यांना एकाच माळेत ओवायचं कारण नाही. कंबोडिया वेगळं, नेपाळ वेगळं. २०१५ च्या भूकंपात नऊ हजारांच्या आसपास माणसं गेली. त्यांची मुलं खरोखरची अनाथ नाहीत का? उद्या सगळ्यांनी जाणं आणि पैसे देणं बंद केलं तर आज तिथे असलेल्या मुलांनी खायचं काय? आपणही कॉलेजात बाबा आमट्यांच्या सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीला गेलोच की. तेव्हा कोणी आपल्याला ‘पर्यटक’ म्हटलं नाही. १७ वर्षांच्या पोरीला चार चांगली कामं करावीशी वाटतात, त्यावर इतका बर्फ ओतू नका.

मृण्मयी_एनजे

उदय, धन्यवाद. मला खरं तर लस आणि पाऊस एवढंच विचारायचं होतं.

सानिका, तुझं वाचून रात्री झोप लागली नाही. पण आमची कंपनी चांगली वाटते. वेबसाइटवर पालकांची पत्रं आहेत. आणि तीन आठवड्यांत कोणाचं काय एवढं बिघडणार आहे?

पायवाट

लांबण लागेल, पण लिहितोच.

२०१८ च्या जुलैत आम्ही कैलास-मानसरोवर केलं, नेपाळगंज–सिमिकोट–हिल्सा मार्गाने. त्या वर्षी परतीच्या वेळी हवामानाने विमानं बंद पडली आणि दीड हजाराच्या आसपास भारतीय यात्रेकरू त्या पट्ट्यात अडकले. बातम्यांत आलं होतं. आम्ही त्यातलेच. चार दिवस सिमिकोटला एका लॉजमध्ये, बाहेर पाऊस, आत डाळ-भात आणि कंटाळा. सिमिकोट म्हणजे हुमला जिल्ह्याचं ठाणं, नेपाळचा पार वायव्य कोपरा. आपले यात्रेकरू तिथून जातात खरे, पण नजर सगळी कैलासाकडे.

लॉजवाला तिशीतला होता, बरं हिंदी बोलायचा. माझ्या मोबाइलवर नातवाचा फोटो बघून त्याने आपल्या धाकट्या भावाचं सांगितलं. माओवाद्यांचा संघर्ष चालू होता तेव्हाची गोष्ट (१९९६ ते २००६). गावागावांतून पोरं उचलून फौजेत नेत होते. अशात एक ओळखीचाच माणूस आला. म्हणाला, काठमांडूत बोर्डिंग शाळेत घालतो, जीवही वाचेल, शिकेलही. बापाने शेत विकून त्याला पैसे दिले. भाऊ सहा वर्षांचा. त्यानंतर पत्र नाही, पत्ता नाही. पोरगा काठमांडूच्या एका बालगृहात होता आणि त्याच्या कागदावर लिहिलं होतं, आई-वडील मयत. दलालाने बापाकडूनही पैसे घेतले होते आणि संस्थेला परदेशातून पैसे येत होते ते वेगळेच. भाऊ एकोणिसाव्या वर्षी परत आला. आईने त्याला ओळखलं, त्याने आईला नाही. तिच्याशी बोलायला त्याच्याकडे धड भाषाही उरली नव्हती. चार दिवस राहिला आणि काठमांडूला परत गेला.

परत आल्यावर मी याचा माग काढला. हुमल्यातून अशी शेकडो मुलं नेली गेली होती. कॉनर ग्रेनन नावाचा एक अमेरिकन तरुण २००४ मध्ये मृण्मयीताईंच्या लेकीसारखाच हौसेने काठमांडूजवळच्या बालगृहात स्वयंसेवक म्हणून आला होता. ज्यांना तो अनाथ समजत होता त्यांच्यातल्याच मुलांची आई एक दिवस दारात उभी राहिली. मग हा माणूस हुमल्यात पायी फिरला, आईबाप शोधले आणि मुलं घरी पोचवायला संस्था काढली.

उदयसाहेब, भूकंपाचं म्हणाल तर त्याच वेळी नेपाळ सरकारने नवीन बालगृहांची नोंदणी थांबवली, परदेशी दत्तक बंद केलं आणि पालकांशिवाय मुलांना जिल्ह्याबाहेर न्यायला मनाई केली. का? तर भूकंपाच्या नावाने दलाल गावांत फिरायला लागले होते. आणि नकाशा बघा एकदा. नेपाळमधली बहुतेक बालगृहं काठमांडू, ललितपूर, भक्तपूर, कास्की आणि चितवन या पाच जिल्ह्यांत आहेत. कास्की म्हणजे पोखरा, चितवन म्हणजे गेंडे. सगळ्यात गरीब जिल्ह्यांतले बरेचसे मात्र वायव्येकडच्या कर्णाली प्रांतात, जिथे परदेशी पाहुणा सहसा मुक्कामाला पोचत नाही.

चकली

बाप रे. आम्ही ललितपूरलाच राहायचो. गल्लीत अशी दोन होती, बाहेर इंग्रजीत पाट्या. कधी विचारच आला नाही मनात.

बालरोग

मृण्मयी, ‘तीन आठवड्यांत काय बिघडणार’ याला उत्तर देतो. बालरोगतज्ज्ञ आहे, तेवढ्यापुरतंच बोलेन.

आपलं दोन-तीन वर्षांचं मूल अनोळखी माणूस आला की आईच्या पदराआड लपतं. ते लपणं निरोगी आहे. आपलं माणूस कोण, हे त्याला ठाऊक आहे. पहिल्याच दिवशी अनोळखी बाईच्या कडेवर चढणारं मूल पाहून आपण म्हणतो ‘किती प्रेमळ’. माझ्या लेखी ते लक्षण आहे. जवळची माणसं सारखी बदलत राहिली की मूल कोणालाही बिलगायला शिकतं आणि कोणावरही विसंबायचं सोडतं. तुमची मुलगी तीनच आठवडे जाणार, कबूल. पण तिच्या आधी कोणीतरी होतं आणि नंतर कोणीतरी असणार. मुलाच्या बाजूने पाहिलं तर ते तीन आठवडे नाहीत, बालपणभर चाललेली ये-जा आहे.

संस्थेत वाढण्याचा स्वतंत्र परिणाम बघायचा तर रुमानियाचा अभ्यास बघा. हुकूमशहा चाउशेस्कूच्या राजवटीनंतर तिथल्या संस्था मुलांनी भरलेल्या होत्या. बुखारेस्टमध्ये २००० सालापासून १३६ बाळांवर काम झालं, निम्म्यांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं निवडून पालक कुटुंबांत पाठवलं. घरात गेलेली मुलं बुद्धीने, भाषेने, जिव्हाळ्यानेही पुढे राहिली आणि दोन वर्षांच्या आत गेलेल्यांचा फायदा सगळ्यात जास्त. संस्था स्वच्छ असेल, जेवण उत्तम असेल, तरी माणूस लागतो आणि तो तोच लागतो.

उदय_ठाणे

डॉक्टर, हे पटतंय. पण मग मदत करायचीच नाही का?

सानिका_एस

उदय, सोमनाथला आपण बांध घातले, खड्डे खणले. चार दिवसांनी आपण निघालो तर बांधाला वाईट वाटलं नाही.

सिएम रीपलाच करण्यासारखं होतं, मला उशिरा कळलं. तिथल्या अंगकोर बालरुग्णालयात पर्यटकांचं रक्त घेतात. अर्धा तास, एक बाटली, आणि ती बाटली एमाची की सानिकाची याने कोणाला फरक पडत नाही. किंवा बट्टमबँगच्या फारे पोनलू सेल्पाक या कलाशाळेतून शिकलेली मुलं सर्कस करतात तिचं तिकीट काढा. ते कलाकार मोठे आहेत, पगार घेतात, आणि अनाथ म्हणून नाही तर कसरत येते म्हणून टाळ्या घेतात.

आश्रमातला

हा आयडी आजच काढलाय. जुन्या आयडीने इथे बऱ्याच जणांना ओळखतो, म्हणून.

मी वयाच्या सातव्या वर्षापासून अठराव्यापर्यंत संस्थेत वाढलो. परदेशात नाही, पश्चिम महाराष्ट्रात. वडील गेले होते, आई ऊसतोडीला जायची. सहा महिने ती फडात, मग मला ठेवणार कुठे? म्हणजे मीही सानिकाच्या त्या सतरा मुलांतलाच. दिवाळीत घरी जाणारा.

संस्था वाईट नव्हती. मारहाण नाही, उपाशी नाही. पण वाढदिवस असायचे. आमचे नाही, बाहेरच्यांचे. रविवारी कधी कधी तीन. आम्हाला ओळीत बसवायचे, आम्ही प्रार्थना म्हणायचो, मग ज्याचा वाढदिवस तो आमच्याच वयाचा पोरगा आईने हात धरून आणलेला, आम्हाला जिलबी वाढायचा. त्याची आई त्याला सांगायची, बघ, तू किती नशीबवान आहेस. आमच्यासमोर. मग फोटो. बॉलपेन देताना पेन दोघांच्याही हातात धरून ठेवायचं, फोटो निघेपर्यंत. एक पाहुणा फोटो झाल्यावर पेन परत खिशात घालून गेला होता, त्यावर आम्ही वर्षभर हसलो. हसणं तेवढंच खरं होतं. रडवेला चेहरा केला की पाहुण्यांच्या बायका जास्त देतात, हे मला आठव्या वर्षी कळलं होतं आणि मी त्यात तरबेज होतो.

आता कायद्याने मुलांची ओळख उघड करणारे फोटो छापता-दाखवता येत नाहीत (बाल न्याय अधिनियम २०१५, कलम ७४). तरी व्हॉट्सअॅपवर येतातच, दर १५ ऑगस्टला. कायदा असंही म्हणतो की मूल संस्थेत ठेवायचं ते बालकल्याण समितीच्या आदेशाने आणि दुसरा उपाय नसेल तरच. राज्याची बालसंगोपन योजना आहे, आता मुलामागे महिन्याला २,२५० रुपये मिळतात, मूल घरीच किंवा नातलगाकडे राहावं म्हणून. माझ्या आईला तेव्हा कोणी असं काही सांगितलं असतं तर मी मामाकडे वाढलो असतो. एका वाढदिवसाच्या जेवणाला किती खर्च येतो, ते ज्यांनी दिलंय त्यांनी स्वतःच आठवावं.

उदय, तुमच्या ‘खायचं काय’ला उत्तर: ज्यांना खरंच कोणी नाही अशी मुलं आहेत, होती आमच्यातही. त्यांच्यासाठी तिथल्या मावशीचा पगार द्या. आमच्याकडे तीस पोरांना एक मावशी होती. तिचा पगार कोणी कधी दिला नाही, कारण तिच्यासोबत फोटो काढायला कोणाला मजा येत नव्हती. एक निवृत्त मास्तर यायचे, दर गुरुवारी, नऊ वर्षं, गणिताला. ते स्वयंसेवकच होते. गावातलेच, सायकलवर. मी आज नोकरीला आहे तो त्यांच्या गुरुवारांवर.

खडूस_काका

माझा वरचा प्रतिसाद मागे घेता येत असेल तर घेतो. आणि मुलाच्या मुंजीनंतर आम्हीही असंच एक जेवण दिलं होतं. फोटो आहेत अजून.

पायवाट

मृण्मयीताई, तुमच्या हातात अजून वेळ आहे. कंपनीला चार गोष्टी लेखी विचारा. किती मुलांचे आई-वडील हयात आहेत आणि मुलं घरी परतावीत म्हणून संस्था काय करते. येणाऱ्यांची पोलीस-चौकशी होते का. कोणत्या व्हिसावर यायचं. नेपाळमध्ये पर्यटक व्हिसावर बिनपगारी कामही चालत नाही. आणि तुमच्याच सरकारचा मानवी तस्करीवरचा २०१८ चा अहवाल चाळा, बालसंस्थांवर त्यात वेगळा मजकूर आहे.

मृण्मयी_एनजे

आठ दिवसांनी येतेय. मधे घरात बरंच रणकंदन झालं.

मी लेकीला हा धागा वाचून दाखवला. तिला बोललेलं कळतं, वाचता येत नाही. आधी चिडली. म्हणाली, तुमच्या मराठी लोकांना कशातही खोट काढायची असते. आश्रमातला यांच्या प्रतिसादापर्यंत आलो तेव्हा गप्प झाली. मग ईमेल तिनेच लिहिली, पायवाट यांचे प्रश्न जसेच्या तसे.

उत्तर असं आलं. व्हिसा पर्यटकाचाच घ्या, विमानतळावर कोणी विचारलं तर फिरायला आलोय म्हणा. पोलीस-चौकशी लागत नाही, आम्ही विश्वासावर चालतो. (इथे शाळेच्या सहलीला मदतनीस आई म्हणून जायचं तरी मला फॉर्म भरावे लागतात.) मुलांच्या घरच्यांचे तपशील गोपनीय आहेत, पण ‘सगळी अत्यंत प्रेमाची भुकेली आहेत’. आणि शेवटी, मुलांना तुझा फोटो दाखवला आहे, ती तुझ्या नावाचं कार्ड बनवतायत, रोज विचारतात कधी येणार.

३०० डॉलर परत मिळणार नाहीत. गेले. मैत्रीण मात्र जातेय. तिच्या आईशी बोलले, तिला पटलं नाही, आमच्यात जरा तुटकपणा आलाय.

लेक जुलैत साताऱ्याला आजीकडे जाणार. पुढच्या वर्षी पाऊस सरल्यावर आम्ही दोघी नेपाळला जाऊ, पैसे देऊन फिरू, लॉजमध्ये राहू. चकली, मोमोचं लक्षात ठेवलंय. खेळण्यांची बॅग तशीच पडलीये, तिचं काय करायचं कळत नाही.

एक प्रश्न तिचा आहे. तिनेच विचारायला सांगितलाय, आश्रमातला यांना. ती म्हणते, मी जात नाहीये हे बरोबरच आहे, पण त्या मुलांना आता कोण सांगणार की मी येत नाहीये?

आश्रमातला

तिला सांगा, चांगला प्रश्न विचारलास.

आमच्याकडे पुण्याहून कॉलेजच्या एक ताई यायच्या. चित्रकला शिकवायच्या, मला त्यांनी रंगपेटी आणायचं कबूल केलं होतं. मग येईनाशा झाल्या. मी मावशीला विचारलं. ती म्हणाली, ताईंची परीक्षा आहे.

चार वर्षं त्यांची परीक्षा चालू होती. नंतर नवीन आलेली लहान पोरं दुसऱ्या कोणाबद्दल विचारायला लागली की मावशी भाकऱ्या करत असायची, तेव्हा मीच सांगायचो, परीक्षा आहे.